आमच्या दारातली नसबंदीची जीप

आमच्या घरात पहिली चारचाकी आली ती आईच्या रागामुळे. खरं तर आई लोखंडी खाट आणायला गेली होती. गेवराईला निकामी सरकारी सामानाचा लिलाव होता, त्यात दवाखान्याच्या जुन्या खाटा स्वस्तात जातात असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. आई आमच्याकडच्या सरकारी आरोग्य केंद्रात नर्स होती. केंद्राचं आणि गावाचं नाव मी सांगत नाही. तलवाड्याच्या बाजूला आहे एवढं पुरे, कारण त्यातली निम्मी माणसं अजून जिवंत आहेत आणि सगळी भांडखोर आहेत. तर लिलावात कुणी काय घ्यायचं ते भंगारवाल्यांनी आधीच चहा पिता पिता ठरवून टाकलं होतं. जीपची पाळी आली आणि आई पुढे होऊन बघायला लागली, तेव्हा त्यातला एकजण म्हणाला, "बाई, तुमच्या खाटा तिकडं हायेत. हे गाडीचं काम हाय." त्याने हे वाक्य गिळलं असतं तर आमच्या घरात खाट आली असती. आईने हात वर केला आणि समोरचे सगळे खाली करेपर्यंत तो खाली घेतला नाही.

जीप ट्रॅक्टरमागे बांधून आली. आण्णा, म्हणजे माझे वडील, त्या वेळी ओट्यावर पेपर वाचत बसले होते. आण्णा प्राथमिक शाळेत गुरुजी होते आणि सकाळी शाळेला जाईपर्यंत व शाळेतून आल्यापासून दिवेलागणीपर्यंत ओट्यावर बसत. त्यांनी चष्म्यावरून ट्रॅक्टर पाहिला, जीप पाहिली, ट्रॅक्टरवर ड्रायव्हरशेजारी ताठ बसलेली आई पाहिली आणि विचारलं, "नर्सबाई, तुमी खाट आणायला गेलत्या न्हवं?" आई म्हणाली, "हिच्यात दोन बाकडी हायेत. झोपा एकावर." एवढं बोलून तिने जीप ओट्याला वळसा घालून बोळातून परसात, कडुनिंबाखाली ढकलून घेतली. आण्णांनी पेपर परत वर धरला, पण तो उलटा होता.

या ओट्याबद्दल थोडं सांगायला हवं. तो काही ऐरागैरा ओटा नव्हता. माझ्या आजोबांनी घर बांधायच्या आधी ओटा बांधला होता. त्यांच्या तरुणपणी गावात आमच्या लोकांना कुणाच्या ओट्यावर टेकायची सोय नव्हती, उभ्यानेच बोलायचं आणि उभ्यानेच निघायचं. धम्म घेतल्यावर आजोबा म्हणाले, आधी बसायची जागा, मग झोपायची. धारूरच्या डोंगराकडचा दगड त्यांनी बैलगाडीतून आणला, स्वतः घडवला, आणि दोन वर्षं ओटा दगडी व घर कुडाचं अशा थाटात सगळं कुटुंब राहिलं. आण्णांना त्या ओट्याचा इतका अभिमान होता, की पाहुणा घरात आला नाही तरी चालेल, पण ओट्यावर बसल्याशिवाय गेलेला चालत नसे.

जीपमुळे गल्लीत वेगळाच गोंधळ उडाला. तिच्या दोन्ही अंगांवर लाल त्रिकोण होता आणि खाली छोट्या कुटुंबाचा उपदेश. ही जीप आईच्याच केंद्राची, सगळ्या परिसरात नसबंदीची गाडी म्हणून ओळखली जायची. ती शिवारात दिसली की बापे माणसं ज्वारीत पळायची. आता ती कायमची आमच्या परसात येऊन बसल्यावर आण्णांचे ओट्यावरचे दोस्त आठवडाभर फिरकले नाहीत. एक आले, तेही लांब उभे राहून म्हणाले, "गुरुजी, बाईंचं काय इथंच चालू होनार हाय का?" यातला सगळ्यात मोठा विनोद म्हणजे मी. जगाला दोनवर थांबा सांगणाऱ्या नर्सबाईंचं मी तिसरं मूल. दोन भाऊ मोठे होऊन पुण्याला नोकरीला लागले होते आणि मी बारावीला गणितात उडून घरी बसले होते. आई म्हणाली, "बेबे, रिकामी हायेस, तर पाना धर." माझं शिक्षण तिथून सुरू झालं असं मी मानते. माझी मुलगी आता मोबाइलवर गाडी दुरुस्त करायचे व्हिडिओ बघते. स्वच्छ हातांची माणसं गाणं लावून नट पिळतात. आमचा एकेक नट सुटायला चार दिवस, रॉकेल आणि शिव्या लागत. शिव्या आई देत नसे. त्यासाठी रशीदचाचा होते.

रशीदचाचांचं गॅरेज गेवराईला हायवेला होतं. शुक्रवारी नमाजनंतर ते गॅरेज उघडत नसत, सायकलीवर आमच्याकडे येत. त्यांच्या बायकोचं बाळंतपण आईने केलं होतं, तेही अडलेलं. त्यामुळे चाचा मजुरीचं नाव काढू देत नसत. येताना डब्यात घरची खिचडी आणि चिंचेचा खट्टा आणत, आणि आई त्यांना येसर आमटी व भाकरी वाढे. दोघांचं जेवण बदलून झालं की काम. चाचांनी पहिल्या दिवशी बॉनेट उघडून आत पाहिलं आणि म्हणाले, "बाई, ये तो मय्यत है." आई म्हणाली, "तुमी नाडी तर बघा आधी." ती यंत्राकडे पेशंट म्हणूनच बघायची, दुसरं तिला येतच नव्हतं. वायसर पडलं की चिमट्याने काढायची, पाने वापरून झाले की उकळत्या पाण्यात टाकायची. पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायची तिची एक नळी होती, कर्ण्यासारखी. पुढे इंजिन चाचांच्या हाताने फिरायला लागलं तेव्हा आई ती नळी इंजिनाला लावून, डोळे मिटून ऐकायची आणि म्हणायची, "डाव्या अंगाला कायतरी खडखडतंय." चाचा आधी हसले. मग डावी बाजू खोलली, तर बेअरिंग गेलेलं. त्या शुक्रवारपासून ते आईला उस्ताद म्हणायला लागले. आई गाडी चालवायलाही त्यांच्याकडेच, त्यांच्या टेम्पोवर शिकली आणि लायसन्स काढून आली. आण्णांनी लायसन्सवरचा फोटो पाहून एवढंच म्हटलं, "फोटो बरा आलाय. अॅक्सिडेंटनंतर पेपरात द्यायला बरा."

मी पॉलिश पेपरने पत्रा घासायची. पांढऱ्या रंगाखाली आणखी एक पांढरा, त्याखाली जुना त्रिकोण, त्याखाली गंज. त्या घासण्याचा आवाज अजून माझ्या दातांत आहे. एकदा मागची बाकडी घासत होते. ती बाकडी आडवी असतात, माणसाने खिडकीकडे पाठ करून, समोरच्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायचं. आई त्यातल्याच एका बाकड्यावर बसून शेंगा सोलत होती. मी म्हटलं, "आई, पुढं बस की. गाडी तुझी हाय." ती म्हणाली, "पुढं साहेब बसत्यात." मी हसले. ती हसली नाही. मग तिने शेंगा सोलता सोलताच सांगितलं. एके वर्षी लसीचा निळा डबा मांडीवर घेऊन ती याच बाकड्यावर बसून एका वस्तीवर निघाली होती. फाट्यावर केंद्राच्या तेव्हाच्या डॉक्टरसाहेबांच्या सासुरवाडीचे पाहुणे उभे होते, लग्नाला निघालेले. साहेबांनी जीप थांबवली आणि मागे वळून म्हणाले, सिस्टर, तुम्ही इथून चालत जाल ना, जवळच आहे. जवळ म्हणजे दोन कोस. पाहुणे बसले, आई उतरली. उन्हाचा दिवस. वस्तीवर पोचेपर्यंत डब्यातल्या बर्फाचं पाणी आणि त्या पाण्याचंही गरम पाणी झालं होतं. लेकरं घेऊन बसलेल्या बायांना तिने परत पाठवलं. आठ दिवसांनी तिला मेमो आला, लस खराब कशी झाली ते कळवा.

"मग तू काय लिवलंस?"

"माझ्या हलगर्जीपणामुळं झाली असं लिवलं."

"कावून?"

तिने हातातली शेंग फोडली. "तू पोटात हुतीस. सहावा महिना. दोनवर थांबा सांगणारी नर्स तिसऱ्यांदा पोटुशी. साहेबाशी भांडायला तोंड कुठं हुतं मला?" मग शेंगांची टरफलं तिने पदरातून झटकली आणि म्हणाली, "रिटायर हुताना ह्याच गाडीत जायचं मला, निरोपाला. मी चालवणार. तवर झाली पाहिजे." आण्णांना हे सांगायचं नाही, अशी शपथही तिने मला घातली. मी फार वेळ घासत राहिले, एकाच जागी, पत्रा दिसेपर्यंत. त्या दोन कोसांत मीही होते, हे मला त्या दिवशी कळलं. आजही फाट्यावर कुणी ओझं घेऊन उभं दिसलं की मी गाडी थांबवते आणि मग उगाचच रडवेली होते, बसणाऱ्याला वाटतं बाईचं काहीतरी बिनसलंय.

आता संडास. आई गावभर संडास बांधा म्हणून सांगत फिरायची आणि आमच्या घरी नव्हता. लोक तोंडावर विचारायला लागले. शेवटी ऑफिसातून कुणी तपासायला येणार असं कळलं, तशी आई घाईला आली. परसात बोअर होता, त्याच्याजवळ खड्डा चालणार नाही हे तिला माहीत होतं. मग उरली समोरची जागा, ओट्यासमोर, कंपाउंडला लागून. आईने फक्कीने चौकोन आखला, मी दोरी धरली, आण्णांनी मिस्त्री आणला. पंधरा दिवसांत संडास उभा राहिला, आमच्या गल्लीतला पहिला. सकाळी दारात डबडी घेऊन गल्लीतल्या बायांची रांग लागायची, चौदा-पंधरा जणींची. अंधारात ओढ्याला जाण्यापेक्षा हे बरं होतं. आण्णांना सकाळचा ओटा सोडावा लागला, कारण रांगेसमोर पेपर वाचत बसणं बरं दिसेना. पण त्यांनी कुरकुर केली नाही. आम्ही सगळे खूश होतो. वर्षभर जीप विटांवर उभी होती, तिच्या टपावर पापड वाळायचे, स्टिअरिंगला आण्णांचा शर्ट असायचा. ती गाडी आहे आणि तिला कधीतरी याच वाटेने बाहेर जायचं आहे, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आईच्या निवृत्तीला पाच दिवस उरले होते तेव्हा जीप सुरू झाली. डिझेलच्या नळीत हवा धरत होती, काही केल्या जाईना. आईने घरातून सलाईनची रिकामी बाटली आणि नळी आणली, चाचांनी बाटलीत डिझेल भरलं आणि ती कडुनिंबाच्या फांदीला टांगली. जीपला सलाईन लागलं. गल्ली कंपाउंडवर चढून बघत होती. थेंब थेंब डिझेल उतरलं, चाचा म्हणाले, "उस्ताद, बिस्मिल्ला करो," आणि आईने चावी फिरवली. आधी खोकला, मग काळा धूर, मग असा आवाज की पापड टपावरून घसरले. चाचांच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी ते धुराच्या नावावर खपवलं. चाकांखाली ठेवायला त्यांनी चार लिंबं आणली होती. आई म्हणाली, "आमच्यात हे चालत न्हाई." चाचा म्हणाले, "हमारे में भी नहीं चलता, गॅरेज में चलता है." शेवटी त्या लिंबांचं सरबत झालं. सरबत पिऊन आई जीप घेऊन बोळातून पुढे आली आणि ओट्यापाशी थांबली. एका बाजूला संडास, दुसऱ्या बाजूला ओटा, आणि मधल्या जागेपेक्षा जीप दीड वीत रुंद. नाकापेक्षा मोती जड.  मग आतून कडी वाजली आणि गल्लीतली एक म्हातारी डबडं घेऊन संडासातून बाहेर आली, समोर जीप बघून म्हणाली, "आगं बया, ही मला न्यायला आली का?"

पुढचे तीन दिवस सल्ल्यांचे. कुणी म्हणालं, उचलून काढू. पंचवीस जणांनी बांबू लावले, जीप हलली नाही आणि दोघांची कंबर धरली. चाचा म्हणाले, इंजिन उतरवतो, पण मग निरोपाच्या दिवशी ती चालणार कशी? कंपाउंड पाडावं तर लगेच पलीकडे शेजाऱ्याची विहीर. सगळ्यात सोपा उपाय सगळ्यांना दिसत होता, संडास पाडायचा. आईने ते तोंडातून काढू दिलं नाही. "माझ्या हौसंपायी ह्या बाया परत वढ्याला जायच्या? न्हाई. मी यष्टीनं जाईन निरोपाला. आजवर गेलेच की." आणि ती भाकरी थापायला बसली. त्या भाकऱ्या इतक्या जाड झाल्या, की आण्णांनी एकीला टिचकी मारून पाहिली. दुसरा उपायही होता, पण तो सुचवायची कुणाची छाती नव्हती. मग मी शपथ मोडली. आण्णा ओट्यावर होते. त्यांच्याशेजारी बसून मी फाटा, दोन कोस, डबा, मेमो, सहावा महिना सगळं सांगितलं. आण्णांनी पेपराची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. "मला बोलली न्हाई ती," एवढंच म्हणाले. त्यानंतरही एकोणीस वर्षं ते तिला नर्सबाई म्हणून चिडवत होते, तेही त्यांना त्या क्षणी आठवलं असावं.

निरोपाच्या आदल्या दिवशी सकाळी बायांची रांग संपली आणि दगडावर पहार पडल्याचा आवाज आला. आम्ही धावत बाहेर आलो. आण्णा बनियनवर, ओट्याच्या कोपऱ्याशी. पहिला दगड निघाला होता. आई ओरडली, "आवो, काय करताय, मामंजींचा ओटा हाय तो." आण्णा पहार टेकवून दम खात म्हणाले, "ठाव हाय मला कुणाचा हाय. आज तो असता तर त्यानंच पहार घेतली असती. दोन कोस म्हंजे किती, ते त्याला लई चांगलं ठाव हुतं." आईने माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली. ती आत गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि आण्णांच्या हातात दिला. मग पदर खोचून सुटलेले दगड उचलायला लागली. संध्याकाळपर्यंत अर्धा ओटा गेला. आण्णांच्या हाताला फोड आले होते, आई त्यावर मलम लावत होती, आणि दोघं मेमोबद्दल अवाक्षर न बोलता, मिस्त्रीने सिमेंट कमी घातलं होतं का यावर भांडत होते.

दुसऱ्या दिवशी जीप ओट्याच्या जागेवरून बाहेर पडली. आईने पांढरी साडी नेसली होती, तिची ड्युटीची. स्टिअरिंगवर ती. साहेबाच्या जागी, पुढे डाव्या बाजूला, तिने निळा लसीचा डबा ठेवला. रिकामाच होता, केंद्रात जमा करायचा होता. मी म्हटलं, आण्णांना बसू दे पुढं, डबा मागं ठेवू. ती म्हणाली, "डबा पुढंच बसंल आज." आण्णा आणि मी मागच्या बाकड्यांवर, गुडघ्याला गुडघा लावून. फाटा आला तेव्हा आईने जीप थांबवली. कुणी उतरलं नाही, कुणी चढलं नाही. तिने एकदा रस्त्याकडे पाहिलं, पहिला गियर टाकला आणि निघाली.

केंद्रात नवे साहेब होते, पोरसवदा, भले. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. शाल झाली, श्रीफळ झालं, भिंतीवरचं घड्याळ झालं. आईने भाषण केलं नाही. ती उठून क्लार्कच्या टेबलाशी गेली आणि एक कागद ठेवला. तिच्याच अक्षरात चार ओळी होत्या. लस खराब झाल्याच्या मेमोला आपण पूर्वी दिलेला खुलासा खोटा आहे, डबा व नर्स यांना फाट्यावर उतरवून त्या जागी पाहुणे बसवण्यात आले, म्हणून लस खराब झाली, तरी पूर्वीचा खुलासा रद्द समजावा. क्लार्कने दोनदा वाचला. "बाई, ही फाईल कवाच बंद झाली. आता ह्याचं काय करू?" आई म्हणाली, "आवकचा शिक्का मारा. बाकी काय न्हाई करायचं." त्याने साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी मान हलवली, शिक्का पडला. डबा जमा झाला, त्याची पोच मिळाली. शिक्क्याची ती प्रत आता माझ्याकडे आहे, शाई उडत आली आहे.

परत निघताना आण्णा सवयीने मागे चढायला लागले. पुढची जागा आता रिकामी होती. आई म्हणाली, "तिकडं कुठं? पुढं या." आण्णा म्हणाले, "राहू दे, मागं बरं हाय मला." आई चावी न फिरवता बसून राहिली. "तुमचा ओटा मोडला न्हवं माझ्यापायी? मग आता इथं बसायचं. रोज." आण्णा पुढे येऊन बसले. त्यांनी एक हात खिडकीबाहेर टाकला, दुसरा मांडीवर, अगदी ओट्यावर बसायचे तसे. घरापर्यंत रस्त्यात जो जो भेटला, त्याला त्यांनी हाक मारून थांबवलं आणि विचारलं, "कुठं निघाला? या की, बसा."